गोल्ड स्टार मूळ रूपात आणताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये बीएसए गोल्ड स्टारवरच्या पत्रांचीच गर्दी आहे. ज्यांना ही गाडी नवी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात : बीएसए या ब्रिटिश कंपनीच्या बर्मिंगहॅममधल्या स्मॉल हीथ कारखान्यातली ही एकसिलिंडर रेसिंग मोटरसायकल. १९३७ मध्ये रेसर वॉल हँडली यांनी इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्स ट्रॅकवर बीएसए पळवत ताशी १०० मैलांपेक्षा जास्त वेगाची फेरी मारली. अशा फेरीला तिथे सोनेरी ताऱ्याचा बिल्ला मिळायचा, त्यावरून पुढच्या वर्षीच्या मॉडेलचं नाव पडलं. ५०० सीसीचं शेवटचं आणि सगळ्यात जास्त मागणीचं रूप म्हणजे १९५६ ते १९६३ या काळातलं डीबीडी३४. बहुतेक प्रश्न त्याच गाडीबद्दल आहेत. शेवटी एक पत्र राजदूत ३५० वरचं घेतलं आहे.

प्रश्न (पुणे) : मी घेतलेल्या गोल्ड स्टारचा इंजिन नंबर डीबीडी३४जीएसने सुरू होतो, चेसिस नंबर मात्र सीबी३२ ने. एका जाणकाराने सांगितलं, इंजिन नंतर बसवलंय, गाडी जोडतोडीची आहे. आरसी बुकात हेच दोन नंबर आहेत. सुरुवात कुठून करू?

उत्तर : जाणकारांना नमस्कार सांगा, पण नंबरांच्या या जोडीवरून गाडी जोडतोडीची ठरत नाही. स्विंगआर्म चेसिसच्या गोल्ड स्टारना कारखान्याने सीबी३२ हीच मालिका दिली, मग इंजिन आधीचं डीबी असो की डीबीडी. पुढचे आकडेही जुळत नाहीत, कारण बीएसए त्या काळात इंजिन आणि चेसिसला स्वतंत्र आकडे मारत असे. उलट दोन्हींचा आकडा तंतोतंत सारखा निघाला तर भुवया उंचवाव्यात. कुणीतरी घरी पंच मारलेला असतो.

खरी तपासणी खाली वाकून करायची. चेसिसच्या उजव्या बाजूच्या खालच्या नळीला इंजिनापाशी एक बाक असतो. गोल्ड स्टारचा ऑइल पंप मोठा, त्याला जागा करून देण्यासाठी कारखान्याने ती नळी वाकवली. बीएसएच्याच बी३१, बी३३ किंवा ए१० या इतर मॉडेलांच्या चेसिसमध्ये ती सरळ असते. सरळ नळीच्या चेसिसमध्ये हे इंजिन बसवायचं तर नळी ठोकावी किंवा कापावी लागते. म्हणून तिथला रंग थोडा खरवडून हातोड्याच्या आणि वेल्डिंगच्या खुणा शोधा.

मग कागद. बीएसएच्या डिस्पॅच रजिस्टरांतल्या नोंदी ब्रिटनमधल्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबकडे आहेत. इंजिन आणि चेसिस नंबरांचे स्पष्ट फोटो पाठवून त्यांच्याकडून उतारा मागवा. तो हाती येईपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नका. कारण गोल्ड स्टार एकाच साच्यातून निघत नव्हती. रेसच्या क्लबमन्स रूपापासून साध्या टूरिंग आणि चिखलातल्या स्क्रॅम्बल्सपर्यंत कॅम, गिअरबॉक्स, टाकी, कार्ब्युरेटर ग्राहकाच्या मागणीप्रमाणे बसवले जात. आज मात्र ज्याच्या त्याच्या गोल्ड स्टारला खाली झुकलेलं क्लिप-ऑन हँडल आणि मागे वळलेला सायलेन्सर पाइप चढतो. तुमची गाडी उताऱ्यात टूरिंग निघाली तर तिला क्लबमन्स करणं हे आमच्या लेखी रिस्टोरेशन नाही. हौस म्हणून करा, मात्र काढलेले पार्ट जपून ठेवा.

आरसीबद्दल एक. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं होऊन गेलेली, मूळ रूपात ठेवलेली आणि मोठे फेरफार नसलेली दुचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये, मुदत १० वर्षं. नव्या नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात; आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. या नोंदणीवर गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची. पुसट झालेला नंबर पुन्हा ठसठशीत मारून घ्यायचा मोह टाळा. पुसट नंबर वाचता येतो, नव्याने मारलेला नंबर मात्र कायम संशयाचा.

प्रश्न (कोल्हापूर) : टाकीवर दोन-तीन वेळा रंग चढलाय, सध्या लाल आहे. क्रोमवाला म्हणतो, ‘द्या, अ‍ॅसिडमध्ये टाकून सगळं साफ करतो.’ देऊ का?

उत्तर : देऊ नका, निदान आत्ता तरी. त्या रंगाखाली तुमच्या कामाचा नकाशा आहे.

बॅज आणि गुडघ्याचे रबर काढा. त्यांच्या मागे मूळ रंग बहुतेक वेळा शाबूत असतो, कारण घाईने रंगवणारा ते काढण्याचे कष्ट घेत नाही. ८०० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून बोटाला गुंडाळा आणि रुपयाएवढ्या जागेत हलक्या हाताने गोल घासा. थरांची वर्तुळं उमटू लागतात : बाहेर लाल, मग पुट्टीचा राखाडी, मग मधला एखादा रंग, आणि आत बारीक दाण्याचा मूळ चंदेरी. चंदेरी दिसला की थांबा. रंग आणि क्रोम जिथे भेटत असतील अशा जागी हेच पुन्हा करा. तिथे मरून रेघ सापडते. तिच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून वळण उतरवून घ्या, रुंदी व्हर्नियरने मोजा, आणि शेजारी पट्टी ठेवून दिवसाच्या उजेडात फोटो काढा. दोन्ही बाजूंचं ट्रेसिंग वेगवेगळं करा. हाताने मारलेल्या रेघा डावी-उजवीकडे थोड्या कमीजास्त असतात, आणि तो फरक तसाच ठेवायचा.

आता पत्रा. लहान चुंबक टाकीवरून फिरवा, जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी किंवा शिसं आहे. रंग केमिकल रिमूव्हरने काढा. ग्राइंडरची चकती लावू नका, पत्रा तापून लाटा येतात. मग सगळी तोंडं बंद करून टाकी पाण्यात बुडवा आणि आत हवा भरा. दाब २ ते ३ पीएसआय, त्याहून जास्त नाही. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरला थेट जोडलेली टाकी बेडकासारखी फुगते आणि मग तिला कुणीच वाचवत नाही. बुडबुडे येतील तिथे खूण करा.

क्रोमच्या बाबतीत लोक फसतात ते क्रमात. जुनं क्रोम-निकेल आम्लात उतरवताना गंजून पातळ झालेला पत्राही खाल्ला जातो, आणि गंजाने बुजलेली भोकं उघडी पडतात. ती भोकं क्रोम झाल्यावर दिसली तर डाग द्यायला क्रोम जाळावं लागतं, म्हणजे पैसे पाण्यात. म्हणून आधी नुसतं उतरवून टाकी परत आणा. मग पोचे काढा, पितळी किंवा चांदीच्या झाळणाने भोकं बुजवा, पुन्हा पाण्यात तपासा, आणि मगच तांबं-निकेल-क्रोम करायला द्या. साध्या शिशाच्या झाळणावर निकेल नीट धरत नाही, काही महिन्यांत फुगवटे येतात. प्लेटिंगला देताना टाकीची तोंडं रबरी बुचांनी घट्ट बंद हवीत. परत आल्यावर आतून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने दोनदा धुवा, गरम हवेने वाळवा आणि त्याच दिवशी थोडं तेल घालून फिरवा. रात्रभर तशीच ठेवलीत तर सकाळी आत गंजाची लाली असते.

रंगाचा भाग क्रोमवर येतो, आणि क्रोमवर रंग सहज टिकत नाही. मास्किंग करून रंगाची जागा ४०० नंबरने मॅट करा, एच प्रायमरचा (धातूला पकड घेणाऱ्या अस्तराचा) एकच पातळ हात, मग चंदेरी. चंदेरी निवडताना आजच्या गाड्यांचा जाड दाण्याचा मेटॅलिक घेऊ नका. बीएसएचा चंदेरी बारीक, थोडा मंद होता. मरून रेघ चंदेरीवर आणि लॅकर सगळ्यात शेवटी, दोनच हात. लॅकरची कडा क्रोमवर जेमतेम एक मिलिमीटर जाऊ द्या, म्हणजे पेट्रोल सांडलं तरी ते कडेखाली शिरत नाही.

आणि सापडलेला मूळ रंग निम्म्याहून जास्त शाबूत असेल तर? तर वरचे थर तेवढे काढा आणि टाकी आहे तशी ठेवा. ओरखडे असलेली मूळ टाकी आम्हाला नव्या चकाकत्या टाकीपेक्षा मोलाची वाटते. पुन्हा रंग कधीही देता येतो, मूळ रंग परत आणता येत नाही.

प्रश्न (नाशिक) : टायमिंग कव्हरचे दोन बोल्ट सैल होते. मेकॅनिकने ‘आठचा बोल्ट बसतोय’ म्हणून बसवला, आता आटेच निघून आले. काय करू?

उत्तर : हा प्रकार आपल्याकडे जुन्या ब्रिटिश गाड्यांवर सर्रास होतो. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, त्यामुळे एम८ बोल्ट पहिले एक-दोन फेरे गोडीत जातो. पण एम८ चे आटे इंचाला साधारण २०. ५/१६ बीएसएफचे (जुन्या ब्रिटिश बारीक आट्यांचे) २२, सायकल थ्रेडचे २६. तिसऱ्या फेऱ्याला पाना जड लागतो, मेकॅनिक जोर लावतो आणि अ‍ॅल्युमिनियम सोलून निघतं. कोनही वेगळा : व्हिटवर्थ घराण्याचे (बीएसएफही त्यातलेच) आटे ५५ अंशांचे, मेट्रिक आणि सायकल थ्रेड ६० अंशांचे.

उपाय सोपा आहे. आटे बदलून एम१० करू नका, कव्हरची कड कमकुवत होते. मूळ मापाची वायर इन्सर्ट (भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्या. बीएसएफच्या इन्सर्ट आणि टॅप मागवून मिळतात. ड्रिल हातात धरून मारू नका, कव्हर मिलिंग मशीनवर सरळ बांधून मारा. पुढच्या वेळी थ्रेड गेज लावल्याशिवाय कुठलाही बोल्ट फिरवू देऊ नका. गाडीत बीएसएफ, सायकल थ्रेड आणि थोडे व्हिटवर्थ असे सगळे एकत्र नांदतात. पानेही व्हिटवर्थ मापाचेच वापरा. मेट्रिक पाना ‘जवळपास’ बसतो आणि मूळ नटाचे कोपरे गोल करतो.

बोल्टच्या रंगावरही लिहितो, कारण प्रदर्शनातली पारितोषिकं इथे हातची जातात. मूळ बोल्ट बहुतांशी कॅडमियमचे, मंद राखाडी. कॅडमियम विषारी, ते कुणाकडून करून घेऊ नका. पांढरं झिंक करून बारीक स्टील वूलने चमक मारली की नजरेला जवळ जातं. पिवळं झिंक नको, स्टेनलेसची भांड्यासारखी चमकही नको. जास्त ताकदीचे बोल्ट असतील तर प्लेटिंगनंतर लगेच १९० ते २०० अंश सेल्सियसवर किमान चार तास भाजून घ्या. प्लेटिंगमध्ये पोलादात शिरलेला हायड्रोजन तेव्हा बाहेर पडतो. न भाजलेला बोल्ट घट्ट केल्यावर दुसऱ्या दिवशी आपोआप तुटलेला सापडू शकतो.

प्रश्न (ठाणे) : थंड असताना दुसऱ्या किकला सुरू होते. पंधरा-वीस किलोमीटर गेल्यावर बंद केली की तासभर सुरू होत नाही. प्लग बदलला, कार्ब्युरेटर साफ केला. मॅग्नेटो काढून त्या जागी बॅटरी-कॉइल बसवावी असा सल्ला मिळाला आहे.

उत्तर : लक्षण मॅग्डायनोचं आहे. मॅग्डायनो म्हणजे ल्युकास कंपनीचा मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगी तयार करणारं यंत्र) आणि त्याच्या डोक्यावर बांधलेला ६ व्होल्टचा डायनॅमो. मॅग्नेटोच्या आर्मेचरच्या (आतल्या फिरत्या भागाच्या) पोटात कॉइल आणि कंडेन्सर एकत्र बसवलेले असतात. सत्तर वर्षांनी दोन गोष्टी होतात. कंडेन्सर गळू लागतो, आणि कॉइलवरची लाख गरम झाली की मऊ पडून इन्सुलेशन जातं. थंड असताना दोन्ही कसेबसे काम करतात.

खात्री अशी करा. गाडी गरम होऊन बंद पडली की लगेच प्लग काढून हेडला टेकवा आणि अंधाऱ्या जागी किक मारा. ठिणगी पिवळी, बारीक किंवा गायब असेल तर दोष मॅग्नेटोत. ठिणगी निळी-जाड असेल तर मॅग्नेटोला हात लावू नका, पेट्रोलकडे बघा. पॉइंटचं झाकण काढून किक मारल्यावर पॉइंटमध्येच भडक ठिणग्या दिसत असतील तर कंडेन्सर गेला. त्याआधी स्वस्तातली दोन कामं करून घ्या : पॉइंटचं अंतर १२ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.३० मिमी, आणि पिकअप (प्लगकडे वीज नेणारा कोळशाचा ब्रश आणि त्याचं घर) काढून त्या भोकातून पेट्रोलमध्ये भिजवलेलं सुती कापड लाकडी काडीने स्लिप रिंगवर धरून इंजिन हाताने फिरवणं. कोळशाची काळी पूड साचली की ठिणगी तिच्यावरून पळ काढते.

रिवाइंडिंगला द्यायचं ठरलं तर आर्मेचर बाहेर काढण्यापूर्वी पिकअप, अर्थचा ब्रश आणि सेफ्टी स्क्रू हे तिन्ही काढलेले आहेत का, हे दोनदा बघा. यातलं एक जरी राहिलं तरी आर्मेचर ओढताना स्लिप रिंगची कड तडकते, आणि ही मोडतोड नवशिक्यांपेक्षा सवय झालेल्यांच्या हातून जास्त होते. बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगमागे इन्सुलेशनचा कागद असतो. तो फेकून देऊ नका, आणि नव्याने बसवताना नवा घाला. रिवाइंडिंगवाल्याला कंडेन्सर नवाच घालायला सांगा, आणि जोडणीनंतर चुंबक पुन्हा चार्ज करून घ्या, कारण आर्मेचर बाहेर राहिलं की चुंबकाची ताकद उतरते. काम झाल्यावर थंड ठिणगी बघून पैसे देऊ नका. बॉडीला हात लावणं नकोसं होईपर्यंत हीट गनने गरम करून, ड्रिलने सावकाश फिरवून, ५ मिमी अंतरावर ठिणगी पडते का ते बघा.

टायमिंग लावताना हँडलवरचा अ‍ॅडव्हान्स लिव्हर पूर्ण अ‍ॅडव्हान्सवर, टॅपरचा (मॅग्नेटोच्या निमुळत्या शाफ्टचा) नट सैल, पिस्टन कॉम्प्रेशनवर आणि क्रँकला डिग्री डिस्क. पॉइंटमध्ये सिगारेटचा कागद धरा. तो जेमतेम सुटतो तो क्षण म्हणजे पॉइंट उघडले. अंश किती, हे तुमच्या कॅमच्या आणि कॉम्प्रेशनच्या जोडीप्रमाणे मॅन्युअलमधून घ्या, शेजारच्याच्या गाडीवरून नको. नट आवळताना टॅपर अनेकदा सरकतो, म्हणून आवळून झाल्यावर कागद पुन्हा लावा.

बॅटरी-कॉइलने गाडी सुरू होईल, यात शंका नाही. पण इंजिनच्या मागे तो काळा मॅग्डायनो दिसला नाही की गोल्ड स्टार बघणाऱ्याची नजर तिथेच अडते. ल्युकासने मॅग्डायनो बनवणं थांबवलं हे ही गाडी बंद होण्यामागचं एक मोठं कारण होतं, इतका तो तिच्याशी बांधलेला आहे.

प्रश्न (सांगली) : रेव्ह काउंटरचा (इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या मीटरचा) काटा सलग न फिरता टकटक करत उडतो. केबल बदलली तरी तसंच.

उत्तर : बिघाड नाही. स्मिथ्सचा क्रोनोमेट्रिक मीटर आत घड्याळासारखा चालतो : ठरावीक क्षण फेरे मोजतो, काटा त्या आकड्यावर नेतो, पुन्हा मोजतो. म्हणून काटा पायऱ्यांनी चढतो. आतलं यंत्र काढून चुंबकी मीटर बसवणारे भेटतील, त्यांना दारातूनच परत पाठवा.

प्रश्न (सोलापूर) : चेसिस सँडब्लास्ट करून काळं पावडर कोटिंग करावं का? टिकतंही आणि स्वस्तही पडतं. इंजिनही त्याच वेळी ब्लास्ट करून घेतो.

उत्तर : चेसिसला पावडर कोटिंग नको. जाड थर बसतो, चेसिस नंबर बुजतो, जोडांची वळणं गुळगुळीत होऊन गाडी प्लास्टिकची वाटू लागते. एकदा दगड लागून कपची उडाली की पाणी आत शिरतं आणि थराखाली गंज पसरत राहतो, वरून पत्ता लागत नाही. मूळ चेसिसवर भट्टीत भाजलेला काळा एनॅमल होता. आज त्याची जागा टू-पॅक (दोन भाग मिसळून लावायचा) काळा घेतो : एपॉक्सी प्रायमर, मग काळे दोन हात, आणि वर लॅकर नाही. लॅकरने खोटी खोली येते.

ब्लास्टिंगआधी हेडस्टॉकचे कप, स्विंगआर्मचं बेअरिंग, सगळी आट्यांची भोकं लाकडी खुंट्या आणि जाड टेपने बंद करा. नंबरावर तीन थर टेप. नळ्यांत रेती गेली तर ती कॉम्प्रेस्ड हवेने, चेसिस उलटसुलट करून, दोन-तीन दिवस काढत राहा.

इंजिनची केसिंग मात्र रेतीने किंवा काचेच्या मण्यांनी मुळीच ब्लास्ट करू नका. कण ऑइलच्या वाटांमध्ये रुतून बसतात, धुतले तरी निघत नाहीत, आणि इंजिन तापल्यावर सुटून बिग एंडमध्ये (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या बेअरिंगमध्ये) जातात. व्हेपर ब्लास्टिंग (पाण्यात मिसळलेल्या बारीक कणांचा मारा) मिळत असेल तर करा, तेही सगळी बुचं काढून, आणि नंतर प्रत्येक ऑइलवाटेत बाटली धुण्याचा बारीक ब्रश घालून. ते जमत नसेल तर डिझेल, नायलॉनचा ब्रश आणि संयम. आणखी एक : क्रँककेस बफ करून आरसा करू नका. कारखान्याने पॉलिश फक्त बाहेरच्या कव्हरांना दिली होती. कास्टिंगचा खडबडीतपणा मूळ आहे.

प्रश्न (लेस्टर, इंग्लंड) : इथे लिलावात घेतलेली क्लबमन्स. सिग्नलवरून उचलताना पहिल्या गिअरमध्ये क्लच बराच वेळ घसरवावा लागतो, प्लेटा तापून वास येतो. शिवाय दोन आठवडे उभी राहिली की सुरू केल्यावर निळा धूर. दोन्ही दोष एकाच कारणाचे आहेत का?

उत्तर : नाहीत, आणि पहिला तर दोषच नाही. तुमच्या गाडीत आरआरटी२ क्लोज-रेशो गिअरबॉक्स असणार. रेसमध्ये गिअर बदलताना आरपीएम पडू नये म्हणून चारही गिअर जवळजवळ आणले आहेत, त्यामुळे पहिला गिअर भलताच उंच. त्यातच ताशी ६० मैलांच्या आसपास जाता येतं असं या गाडीबद्दल नेहमी सांगितलं जातं. आयल ऑफ मॅन बेटावरच्या रेसच्या रस्त्यासाठी ते बरोबर आहे, सिग्नलसाठी नाही. गिअरबॉक्स बदलू नका, गाडीची निम्मी किंमत त्यात आहे. इंजिनचं स्प्रॉकेट एक-दोन दात लहान घ्या, मूळ जपून ठेवा. प्रदर्शनाला जाताना परत बसवता येतं. क्लचच्या स्प्रिंगा मात्र जास्त आवळू नका, त्याने डावा हात जातो आणि प्लेटा वाचत नाहीत.

धुराचं कारण वेगळं. गाडी उभी असताना टाकीतलं ऑइल पंपातून आणि नॉन-रिटर्न बॉलमधून झिरपत क्रँककेसमध्ये साचतं. सुरू केल्यावर तेच सायलेन्सरमधून बाहेर येतं. बॉल आणि त्याची बैठक साफ करा, स्प्रिंग बदला, पंपाचे तोंडाचे भाग काचेवर बारीक पेस्टने घासून सपाट करा. जास्त दिवस उभी असेल तर किक मारण्याआधी खालचं बुच उघडून साचलेलं ऑइल काढा. ऑइलच्या पाइपला नळ बसवण्याचा सल्ला मिळेल. एकदा नळ उघडायचा राहिला की बिग एंड संपला, म्हणून आमचं मत त्याविरुद्ध. आधीच्या मालकाने एरंडेलाचं रेसिंग ऑइल वापरलं असेल, तर त्यात साधं मिनरल ऑइल ओतू नका. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, चिकट गाळ होतो. टाकी, पाइप, पंप सगळं उघडून साफ केल्यावरच ऑइलचा प्रकार बदला.

प्रश्न (मडगाव) : अमल जीपी कार्ब्युरेटरवर आयडल धरत नाही आणि साइड स्टँडवर पेट्रोल वाहतं. हल्लीच्या इथेनॉलमुळे का?

उत्तर : आयडलचा दोष इथेनॉलला देऊ नका. दीड इंची जीपी हा रेसचा कार्ब्युरेटर, त्याला सिग्नलवर शांत उभं राहणं माहीतच नाही. पण अगदीच बंद पडत असेल तर स्लाइड आणि बॉडी झिजलेली आहे. या कार्ब्युरेटरला फिल्टर नसतो, उघड्या भोंग्यातून धूळ थेट स्लाइडवर येते. बोटाने स्लाइड हलवून बघा. खडखड वाजली तर बॉडी बोर करून स्लीव्ह घालावी लागेल.

पेट्रोल वाहतं ते बहुधा फ्लोट चेंबरच्या उंचीमुळे. जीपीचा फ्लोट वेगळा लटकतो, त्यामुळे तो वर-खाली बसवता येतो, आणि तिथेच चूक होते. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून पारदर्शक नळी लावा आणि पेट्रोलची पातळी बघून चेंबर खाली घ्या. तो रबरावरच बांधा. इंजिनला घट्ट बांधला तर थरथरीने पेट्रोलचा फेस होतो आणि वरच्या आरपीएमला गाडी ठसकते.

इथेनॉलचा त्रास वेगळ्या जागी आहे. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला शुद्ध पेट्रोलच्या मानाने सुमारे ७-८ टक्के जास्त इंधन लागतं, म्हणून मेन जेट एक-दोन नंबर मोठा घ्या आणि प्लगचा रंग बघून ठरवा. टाकीत जुनं सीलर असेल तर ते सोलून निघेल आणि जेटमध्ये अडकेल. गोव्याच्या दमट हवेत इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि फ्लोट चेंबर दोन्ही रिकामे करून ठेवा.

प्रश्न (सातारा) : वडिलांची राजदूत ३५०. त्यांनी ती रेससाठी केली होती : एक्स्पान्शन चेंबर (रेसचे फुगीर सायलेन्सर), क्लिप-ऑन, ऑटोल्यूब (आपोआप ऑइल पुरवणारा पंप) काढून टाकलेला. आता मूळ रूपात आणायची आहे. शक्य आहे का?

उत्तर : शक्य आहे, पण आधी ब्लॉक काढून बघा. एस्कॉर्ट्सने यामाहा आरडी३५० वरून बनवलेली ही ३४७ सीसीची गाडी, बोअर ६४ आणि स्ट्रोक ५४ मिमी, पुढे डिस्कऐवजी ड्रम. रेसवाल्यांनी पोर्ट घासून मोठे केले असतील तर ते परत लहान होत नाहीत. ब्लॉकच्या वरच्या कडेपासून एक्झॉस्ट पोर्टच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही सिलिंडरवर व्हर्नियरने मोजा, आणि न घासलेल्या ब्लॉकशी ताडून बघा. फरक असेल तर ब्लॉक नवे शोधावे लागतील. तो खर्च पाहून मगच बाकीचं ठरवा.

ऑटोल्यूब परत बसवल्यावर पाइपांतली हवा पूर्ण काढा. पंपाच्या पुढच्या पारदर्शक नळीत एकही बुडबुडा दिसता कामा नये, आणि पहिली टाकी तरी पेट्रोलमध्ये ऑइल मिसळूनच चालवा. क्रँकचे ऑइल सील जुने असतील तर डोळे झाकून बदला. क्लचच्या बाजूचा सील गेला की गिअरबॉक्सचं ऑइल जळतं, पांढरा धूर येतो. पॉइंटच्या बाजूचा गेला की हवा आत येते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन धरतो. तपासायचं असेल तर इनटेक-एक्झॉस्ट बंद करून ६ पीएसआय हवा भरा आणि सहा मिनिटं टिकते का बघा. टायमिंग प्रत्येक सिलिंडरचं वेगळं, प्लगच्या भोकातून डायल गेज लावून, टीडीसीआधी (पिस्टन सगळ्यात वर पोचण्याआधी) २.० मिमी, पॉइंट ०.३ ते ०.४ मिमी, प्लग बी८एचएस. एक्स्पान्शन चेंबर काढून मूळ सायलेन्सर लावले की जेटही मूळ मापाचे लावा. रेसचे मोठे जेट तसेच ठेवले तर प्लग दर काही किलोमीटरला ओला होत राहील.

आणि काढलेले चेंबर, क्लिप-ऑन भंगारात घालू नका. ऑइल लावून, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवा. ते वडिलांच्या रेसचे आहेत, आणि पुढेमागे गाडीचं ते रूप परत उभं करावंसं वाटलं तर बाजारात तसे मिळणार नाहीत.